कोर्टाची इमारत जळाली, दगडी भिंती उरल्या: चार हजार लोकांच्या काउंटीने ती पुन्हा का उभारली?

४ फेब्रुवारी २०२१ च्या रात्री अमेरिकेतल्या टेक्सस राज्यात मेसन या छोट्या गावातलं कोर्टहाऊस पेटलं. १९०९-१० मध्ये बांधलेल्या या इमारतीचं छप्पर आणि मधला मनोरा कोसळला. उरल्या त्या फक्त दगडी भिंती. जाळपोळीच्या आरोपाखाली एका व्यक्तीला अटकही झाली.

संपूर्ण मेसन काउंटीची लोकसंख्या जेमतेम चार हजार. तरीही तिथे नवी साधी इमारत बांधण्याऐवजी जुनीच पुन्हा उभी करायचं ठरलं आणि ती उभी राहिलीही. एवढा अट्टहास कशासाठी?

कोर्टहाऊस म्हणजे फक्त कोर्ट नाही

टेक्ससमध्ये २५४ काउंटी आहेत. काउंटी म्हणजे साधारण जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग, पण अनेक काउंटींची लोकसंख्या महाराष्ट्रातल्या एखाद्या मोठ्या गावापेक्षाही कमी असते.

तिथल्या कोर्टहाऊसमध्ये खटले चालतातच, शिवाय जमिनीचे दस्त, लग्नाच्या नोंदी, कर आणि निवडणुकीची कामंही होतात. म्हणजे कोर्ट, तहसील आणि दुय्यम निबंधक कार्यालय एकाच छपराखाली. काउंटीच्या प्रमुखाला 'काउंटी जज' म्हणतात. त्यांचं बरंचसं काम प्रशासनाचं असतं आणि या पदासाठी वकील असण्याची अट नाही.

म्हणूनच कोर्टहाऊस जळणं म्हणजे गावाचे कागद जळणं. मेसनने हे आधीही सोसलं होतं. १८७५ मध्ये इथे गुरांच्या चोरीवरून जर्मन वंशाचे रहिवासी आणि इतर अमेरिकन यांच्यात रक्तरंजित संघर्ष पेटला. तो 'हूडू वॉर' म्हणून ओळखला जातो. १८७७ मध्ये कोर्टहाऊसला आग लागली आणि त्या काळातल्या नोंदी राख झाल्या.

२०२१ मध्ये मात्र नशिबाने साथ दिली. इमारतीच्या जीर्णोद्धाराचं काम सुरू होणार असल्यामुळे ती आधीच रिकामी केलेली होती.

छोट्या गावांत एवढ्या भव्य इमारती कशा?

याचं एक उत्तर १८८१ च्या कायद्यात आहे. कोर्टहाऊस बांधण्यासाठी कर्जरोखे काढायची मुभा टेक्ससच्या विधिमंडळाने काउंटींना दिली आणि बांधकामांची लाट आली.

दुसरं उत्तर चढाओढीत आहे. काउंटीचं मुख्यालय कुठल्या गावात, यावरून वाद होत. मुख्यालय आलं की वकील, व्यापारी आणि हॉटेलं येत. चौकाच्या मधोमध दगडी इमारत आणि भोवती दुकानं, अशी रचना उभी राहिली की मुख्यालय सहजासहजी हलत नसे.

वॅक्सहाची इथलं १८९७ मध्ये पूर्ण झालेलं एलिस काउंटीचं कोर्टहाऊस याचं ठळक उदाहरण. जे. रायली गॉर्डन या वास्तुविशारदाने ते रोमनेस्क शैलीत, कमानी आणि उंच मनोऱ्यासह उभारलं. मेसनची इमारत त्यानंतरच्या काळातली. तिच्यावर ग्रीक-रोमन वळणाचे मोठे खांब आणि त्रिकोणी माथे दिसतात.

खर्च कोणी करायचा?

खरा प्रश्न इथेच आहे. करदाते मूठभर आणि इमारत शतकभर जुनी. छप्पर गळतं, वायरिंग जुनं होतं आणि दुरुस्ती पुढे ढकलली जाते.

१ जानेवारी १९९३ ला हिल काउंटीचं कोर्टहाऊस जळालं, तेव्हा त्याच भागात वाढलेले गायक विली नेल्सन यांनी निधीसाठी कार्यक्रम केले. पण दरवेळी असा कलाकार मिळत नाही. १९९८ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ट्रस्टने टेक्ससच्या कोर्टहाऊसचा धोक्यातल्या वारशाच्या यादीत समावेश केला. पुढच्याच वर्षी राज्याने जीर्णोद्धारासाठी अनुदान योजना सुरू केली. राज्य पैसे देतं, काउंटीला स्वतःचा वाटा उचलावा लागतो आणि पुढे राज्याच्या संमतीशिवाय इमारतीत मोठे बदल करता येत नाहीत.

टीकाकारांच्या मते हाच पैसा रस्ते किंवा दवाखान्यांवर खर्च करता येईल. समर्थक म्हणतात की, कोर्टहाऊस चौकातून गेलं तर भोवतालचा बाजारही बसतो.

मेसनमध्ये कौल दगडी भिंतींच्या बाजूने लागला. लोकांच्या जमिनीचे कागद ज्या जागी असतात ती जागा डोळ्यांसमोर, गावाच्या मधोमध राहावी, एवढा त्याचा साधा अर्थ.