खिडकीची कार्योत्तर मंजुरी

ऐन आषाढात खिडकी लावायला गेलो, तर ती चौकटीसकट माझ्या हातात आली. आतून सगळी वाळवीने खाल्लेली, वर नुसता ऑइलपेंट. खाली आईची खाट. दोन दिवसांत ॲल्युमिनियमची सरकती खिडकी बसवली, आणि मग गाढवासारखा कचेरीत जाऊन तसं सांगून आलो.

"आधी का नाही आलात?"

"आधी पाऊस आला, साहेब."

इमारत वारसा यादीतली. तेव्हा कार्योत्तर मंजुरीचा अर्ज करा, नकाशा जोडा, जुन्या खिडकीचा फोटो जोडा. आता खिडकीचा फोटो कोण काढतं हो? शेवटी माझ्या मुंजीच्या फोटोत, माझ्या गोट्यामागे ती सापडली.

१९६६ चा नगररचना कायदा मी बँकेत डबा खाताखाता वाचला. कलम ४३ प्रमाणे, बाहेरच्या रूपात फारसा फरक न पाडणाऱ्या दुरुस्तीला परवानगी लागत नाही, पण वारसा इमारतीला ही सूट नाही. म्हणजे आमच्या खिडकीचं कोण ठरवणार? साहेब! बरं, वारशाला नियम कडक हवेत हे मलाही पटतं. लाकडाची शान ॲल्युमिनियमला नाही. पण मग त्याच भिंतीवर एसीचे अकरा डबे लोंबताहेत, त्यांचं काय? त्यांना कुणी विचारत नाही, कारण ते कुणाला विचारायला गेले नाहीत. बँकेत मी आधी पैसे देऊन मागून सही घेतली तर मला चार्जशीट मिळेल, कबूल. पण ती शेजारच्या काउंटरलाही मिळेल. लाकूडच हवं ना? मग लाकडाची परवानगी आठ दिवसांत द्या.

अर्जाला सात महिने झाले. नव्या खिडकीचं रबर सुटायला लागलंय. ते बदलू का, हे विचारायला मी जाणार नाही.