नळाला पाणी येते तेव्हा



गेल्या हिवाळी सुट्टीत तीन आठवडे आम्ही ऑस्ट्रेलियात गिरावीन येथे आमच्या मावसबहिणीच्या घरी राहून आलो. गिरावीन हे सिडनीच्या पश्चिमेकडील एक उपनगर. तेथील मूळ रहिवाशांच्या भाषेतून आलेल्या या नावाचा अर्थ ‘फुलांचे ठिकाण’ असा सांगतात. आज तेथे भारतातून आलेली कुटुंबे इतकी आहेत, की संध्याकाळी फिरावयास निघाले म्हणजे दोन-चार घरांतून तरी फोडणीचा वास येतोच. आपल्या बेटावरील पुष्कळ घरांतून कोणी ना कोणी ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेले आहे. म्हणून तेथील रस्ते आणि दुकाने यांच्या वर्णनात आम्ही जागा घालवीत नाही. एका सकाळची साधी गोष्ट मात्र सांगावयाची आहे.

त्या सकाळी नऊच्या सुमारास घरातील नळ बंद झाले. मुख्य नळ दुरुस्त करावयाचा आहे, दुपारी एकपर्यंत पाणी येणार नाही, अशी सूचना दोन दिवस आधी पत्रपेटीत येऊन पडली होती. ती कोणी वाचलीच नव्हती. आपल्या बेटावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाणी ठराविक तासच येते, छपरावर टाकी असते, बादल्या भरून ठेवण्याची सवय असते. तेथे तशी सवय कोणाला नाही. घरात एकच धांदल उडाली. आमचा दहा वर्षांचा भाचा ब्रश हातात धरून उभा होता. तो रागाने म्हणाला, “मावशी, आज पाणी का नाही?”

बहिणीने त्याला कारण सांगितले आणि प्रश्न मिटला. परंतु शिक्षकाच्या तोंडाला गप्प बसवत नाही. आम्ही त्याला विचारले, “आज का नाही ते कळले. पण इतर दिवशी असते, ते का असते रे?” तो आमच्याकडे पाहतच राहिला. खरे सांगावयाचे तर उत्तर आम्हांलाही ठाऊक नव्हते. बहीण तेथे कित्येक वर्षे राहते आहे. तिलाही ठाऊक नव्हते.

त्या रात्री जेवण झाल्यावर आम्ही तिघे मिळून ते उत्तर शोधावयास बसलो. सिडनीला लागणाऱ्या पाण्यापैकी सुमारे ऐंशी टक्के पाणी वॉरागांबा नावाच्या एका धरणातून येते. १९४८ साली त्याचे काम सुरू झाले आणि १९६० साली ते पुरे झाले. धरणातून मोठमोठ्या नळांनी पाणी सत्तावीस किलोमीटरवरील प्रॉस्पेक्ट येथे आणतात, तेथे ते शुद्ध करतात आणि मग शहरात सोडतात. हे प्रॉस्पेक्ट गिरावीनहून मोटारीने अगदी जवळ आहे. तेथील जुना तलाव १८८८ साली पुरा झाला. त्याचा मातीचा बांध माणसांनी आणि घोड्यांनी माती ओढून रचलेला आहे. रविवारी आम्ही भाच्याला घेऊन तो पाहून आलो. इतकी वर्षे त्या तलावाशेजारून ये-जा करणाऱ्या आमच्या बहिणीने तो त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

इतके समजल्यावर आणखीही समजले. वॉरागांबा धरण बांधताना चौदा कामगार मृत्यू पावले. त्या धरणाच्या पाण्याखाली बरागोरांग नावाचे एक खोरे बुडाले. तेथे शेतकरी होते, आणि त्यांच्याही फार पूर्वीपासून गंडुंगरा नावाचे मूळ रहिवासी होते. म्हणजे सकाळी भाच्याचे दात घासून व्हावेत म्हणून कोणी बांध घातला होता, कोणी जीव गमावला होता, आणि कोणाचे गाव गेले होते. त्यांपैकी कोणालाच कोणी कधी ‘आभारी आहे’ असे म्हटलेले नव्हते.

आता आम्हांला जे सांगावयाचे आहे ते येथून सुरू होते. रोजच्या साध्या गोष्टींबद्दल कृतज्ञ असावे, असा उपदेश आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. डोक्यावर छप्पर आहे, ताटात भाकरी आहे, अंगात आरोग्य आहे, देवाचे आभार माना, असे आपली आजी म्हणत असे. ते म्हणणे चांगलेच आहे. परंतु पुष्कळदा आपण तेवढ्यावरच थांबतो. ‘माझे बरे चालले आहे’ असे समाधान वाटले, की आपण कृतज्ञ झालो असे आपल्याला वाटते. आपली भाषा याहून अधिक मागते. कृतज्ञ म्हणजे ‘कृत’ जाणणारा, दुसऱ्याने केलेले जाणणारा. जाणणे हे त्यात पहिले आले. ज्याला कोणी केले, कसे केले, किती सोसून केले हे ठाऊकच नाही, तो सुखी असेल, समाधानी असेल, पण कृतज्ञ कसा म्हणावा?

महाराष्ट्रात बैलपोळा नावाचा सण आहे. आपले बहुतेक पूर्वज कोकणातून आले. हा सण मुख्यतः देशावरचा आणि विदर्भाचा. त्यामुळे आपल्या बेटावर तो रुजला नाही. श्रावणाच्या शेवटी येणाऱ्या त्या सणाला शेतकरी बैलांच्या मानेवरील जू उतरवून ठेवतो. आदल्या दिवशी त्यांचे खांदे हळद आणि तूप लावून चोळतो, त्यांना आंघोळ घालतो, शिंगे रंगवितो, पुरणपोळीचा घास देतो. त्या दिवशी बैलाच्या अंगावर आसूड पडत नाही. वर्षभर जू ज्या ठिकाणी घासते नेमक्या त्याच ठिकाणी तूप लावावयाचे, यात फार मोठे शहाणपण आहे असे आम्हांस वाटते. त्या शेतकऱ्याला आपल्या सुगीचा भार कोणत्या खांद्यावर पडला हे ठाऊक असते, आणि त्या खांद्याला तो हात लावतो.

गिरावीनला असताना भाच्याच्या शाळेतील एका कार्यक्रमासही आम्ही गेलो होतो. कार्यक्रमाच्या आरंभी एका मुलीने पुढे येऊन सांगितले, की ज्या भूमीवर आपण जमलो आहोत ती दारुग लोकांची भूमी आहे आणि त्यांच्या वाडवडिलांना आम्ही आदराने स्मरतो. अशी पद्धत आता त्या देशात शाळा-सभांतून सर्वत्र आहे. काहींना ती नुसती औपचारिकता वाटते. असे चार शब्द बोलल्याने गेलेली जमीन परत मिळत नाही, हेही खरेच आहे. तरी पण आपण कोणाच्या जागी उभे आहोत हे दहा वर्षांच्या मुलाला रोज ऐकू येते, ही लहान गोष्ट नव्हे. ‘गोरा ऑस्ट्रेलिया’ हे त्या देशाचे धोरण १९७३ साली संपले. त्याआधी आपल्या वर्णाच्या माणसाला तेथे घर करणे फार कठीण होते. ते धोरण मोडावे म्हणून झगडलेल्या माणसांचेही आमच्या बहिणीच्या त्या छोट्या घरावर ऋण आहे.

येथे एक शंका कोणी घेईल. कृतज्ञतेचा उपदेश गरिबाला गप्प बसविण्यासाठी केला जातो, असे ती म्हणेल. ही शंका रास्त आहे. आपल्या पूर्वजांनी हे भोगलेले आहे. गिरमिटावर आलेला मजूर एक दिवस कामावर गेला नाही, तर त्याची दोन दिवसांची मजुरी कापली जाई. वर पुन्हा मालकाने तांदूळ, डाळ आणि राहावयास खोली दिली म्हणून त्याने उपकार मानावेत अशी अपेक्षा असे. ती कृतज्ञता नव्हे. मालकाने दिले त्यापेक्षा कितीतरी अधिक आपल्या माणसांनी त्याला दिले होते. दिवसभर ऊस तोडून रात्री दिव्याच्या उजेडात बैठकीत मुलांना अक्षरे शिकविणारे, ऊसमळ्यांच्या वस्तीत गणपती बसविणारे, आजाऱ्याच्या घरी पेज नेऊन देणारे, यांचे उपकार खरे होते. ‘केलेले जाणावे’ हा नियम नीट लावला, तर कोणाचे ऋण आहे हे कळते, आणि कोणाचे नाही हेही कळते.

तक्रार करणाऱ्याला कृतघ्न म्हणण्याची घाईही करू नये. आज आपली मुले माध्यमिक शाळेत फी न भरता जातात. ही सोय १९७७ साली सुरू झाली. त्याआधी, मे १९७५ मध्ये, या बेटावरील विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते. त्या वेळी पुष्कळ वडीलधाऱ्यांनी त्यांना उद्धट म्हटले असेल. आज मोफत शिक्षणाबद्दल आभार मानावयाचे तर त्या उद्धट मुलांचेही मानावे लागतील.

अशा किती गोष्टी आपल्या रोजच्या दिवसात दडलेल्या आहेत! आपण रात्री खिडकी उघडी ठेवून झोपतो. १८६६ ते १८६८ या काळात आलेल्या हिवतापाच्या साथीत या बेटावर हजारो माणसे दगावली. पुढे १९४९च्या सुमारास घरोघर फवारणीची मोहीम सुरू झाली, आणि १९७३ साली जागतिक आरोग्य संघटनेने आपला देश हिवतापमुक्त ठरविला. १९७५च्या जेर्वेज वादळानंतर तो ताप पुन्हा आला आणि तो घालविण्यास पुन्हा दोन दशके झटावे लागले. आजही आपण भारताची यात्रा करून आलो, की आरोग्य खात्याचा कर्मचारी विचारपूस करतो, रक्ताचा थेंब मागतो. आपण त्याला कटकट समजतो. खरे म्हणजे आपल्या उघड्या खिडकीचा पहारेकरी तोच आहे.

हा उपदेश आम्ही वाचकांना करीत आहोत, तर स्वतःची चूकही सांगितली पाहिजे. आम्ही पूर्वी ज्या शाळेत शिकवीत होतो तेथे एक बाई सफाईचे काम करीत. आम्ही सकाळी वर्गात शिरण्यापूर्वी बाके पुसलेली असत, फळा स्वच्छ असे, पावसाळ्यात दारापाशी कोरडे पोते अंथरलेले असे. अकरा वर्षे असे चालले. त्या निवृत्त झाल्या तेव्हा शिक्षकांनी वर्गणी काढून भेट घेतली आणि पाकिटावर नाव लिहावयाचे काम आमच्याकडे आले. पेन हातात घेतले आणि कळले, की त्यांचे आडनाव आम्हांला माहीत नाही. शिपायाला विचारून ते लिहिले. समारंभात आम्हीच भाषण केले आणि ‘आपले उपकार विसरणार नाही’ असे म्हणालो. जे कधी जाणलेच नव्हते ते विसरणार कसे? त्या वाक्याची आम्हांला आजही लाज वाटते.

म्हणून आमची आपणा सर्वांना एक लहानशी विनंती आहे. आठवड्यातून एका संध्याकाळी, रविवारी म्हणा, जेवावयास बसताना घरातील प्रत्येकाने त्या दिवशी वापरलेली एक वस्तू सांगावी आणि ती आपल्यापर्यंत कोणी पोहोचविली ते शोधून काढावे. पाव असेल तर पहाटे तीनला भट्टी पेटविणारा, धोलपुरी असेल तर चौकात उभी राहून ती लाटणारी, औषध असेल तर इस्पितळात रात्रपाळी करणारी. मुलांनी विचारावे, मोठ्यांना ठाऊक नसेल तर त्यांनी तसे कबूल करावे. आणि जो माणूस सापडेल तो जवळपास राहत असेल, तर त्याला नावाने हाक मारून नमस्कार करावा. त्याला मजुरी कमी मिळते असे कळले, तर त्याच्या वतीने दोन शब्द बोलावे. खांदा कोठे घासला आहे हे कळल्यावर तूप लावणे आलेच.

आमचा भाचा आता हे करू लागला आहे. परवा बहिणीचा दूरध्वनी आला. गिरावीनच्या त्यांच्या रस्त्यावर पुन्हा नळाचे काम निघाले होते. या वेळी सूचना वेळेवर वाचली गेली आणि भांडी भरून ठेवली होती. भाचा शाळेला निघाला तेव्हा रस्त्यात खड्ड्यात उतरून दोघे काम करीत होते. तो काठाशी थांबला आणि त्यांना त्यांची नावे विचारली. एक जण लेबनॉनहून आलेल्या घरचा होता, दुसरा आपला पंजाबचा. शाळेला पाच मिनिटे उशीर झाला. बहीण आम्हांला म्हणाली, “ताई, याला मी रागवायला हवे होते का?”

आम्ही तिला नको म्हणून सांगितले. त्याच्या शिक्षकांनीही तो उशीर माफ करावा, असे आम्हांस वाटते.