मंगाफची आग आणि आपली स्वयंपाकघरे

कुवेतमधील मंगाफ या वस्तीत १२ जून २०२४ रोजी पहाटे परदेशी कामगारांच्या एका बहुमजली इमारतीस आग लागली व सुमारे ५० माणसे प्राणास मुकली. त्यांत बहुसंख्य भारतीय होते आणि त्यांतही केरळातील अधिक. दोन दिवसांनी भारतीय हवाई दलाच्या विमानाने ४५ मृतदेह कोचीस आणले. वर्तमानपत्रांनी हा विषय केव्हाच मिटविला आहे; परंतु आमच्या मते आपल्या समाजाने तो इतक्या लवकर मिटवू नये.

पहिल्या काही तासांत सर्वांचा संशय स्वयंपाकाच्या गॅसवर गेला. पुढे कुवेतच्या अग्निशमन दलाने तळमजल्यावरील पहारेकऱ्याच्या खोलीत विजेचे शॉर्टसर्किट झाल्याचे सांगितले. मग गॅसच्या संदर्भात या घटनेची आठवण का करावी, असे कोणी विचारील. कारण असे की, ठिणगी कोठून उडाली एवढ्यावर मनुष्यहानी ठरत नाही. तळमजल्यावर सिलिंडरांचा साठा होता, खोल्यांमध्ये सहज पेट घेणारे आडपडदे होते, आणि गच्चीच्या दारास कुलूप होते, असे त्या वेळचे वृत्तांत सांगतात. बहुतेकांचा बळी ज्वाळांनी नव्हे, तर धुराने घेतला. अशा घरात विजेऐवजी गॅसची गळती झाली असती तरी शेवट निराळा झाला नसता.

गच्चीच्या त्या कुलपाने आम्हांस तोऱ्हातील एका आज्ञेचे स्मरण झाले. नवे घर बांधणाऱ्याने गच्चीस कठडा करावा, म्हणजे कोणी पडून घरावर रक्तदोष येणार नाही, असे अनुवादाच्या २२ व्या अध्यायात सांगितले आहे. ही जबाबदारी तेथे राहणाऱ्या पाहुण्यावर अथवा भाडेकऱ्यावर घातलेली नाही. ती घरधन्यावर आहे. आजच्या काळात सिलिंडर, नळी व शेगडी हीदेखील घराची गच्चीच होय, आणि त्यांची निगा हाच तिचा कठडा.

आपल्यापैकी ज्यांनी वृद्धांची सेवा करण्यास आलेल्या बाईस, किंवा २०२४ पासून बांधकामासाठी भारतातून येथे येऊ लागलेल्या मजुरांस खोली भाड्याने दिली असेल, त्यांनी स्वतःस हा प्रश्न विचारावा: त्या खोलीतील शेगडीची नळी आपण शेवटी केव्हा पाहिली? येथील नियमाप्रमाणे गॅसच्या जोडणीची पाच वर्षांतून एकदा परवानाधारक कारागिराकडून तपासणी व्हावयास हवी. किती घरांत त्या तपासणीचा कागद जपून ठेवलेला आहे? भाडेकरूस हिब्रू येत नाही. सूचना वाचता येत नाही. तक्रार केली तर खोली जाईल, ही त्यास धास्ती असते. आपल्या वडीलधाऱ्यांनी या देशात पाऊल ठेवले तेव्हा त्यांचीही स्थिती याहून फार वेगळी नव्हती. तेव्हा कोणीतरी मराठीतून चार शब्द समजावून सांगितले, म्हणूनच पुष्कळांचे निभावले.

ते चार शब्द आज आपण सांगू या. सिलिंडरातील गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून उग्र वासाचे द्रव्य त्यात मुद्दाम मिसळतात. हा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे तो वर न जाता जमिनीलगत, पलंगाखाली, जिन्याच्या तळाशी साचतो. वास आल्यास काडी ओढू नये. विजेचे कोणतेही बटण लावू नये व बंदही करू नये, कारण ठिणगी दोन्ही वेळी उडते. जमल्यास सिलिंडराची चावी बंद करावी, दारे-खिडक्या उघडाव्यात, म्हाताऱ्याकोताऱ्यांस व मुलांस घेऊन बाहेर पडावे आणि मग बाहेरूनच फोन करावा. येथे अग्निशमन दलाचा क्रमांक १०२, कुवेतमध्ये ११२, आणि भारतात गॅसगळतीसाठी १९०६ आहे. एरवी सांध्यांची परीक्षा साबणाच्या फेसाने करावी. फुगे आले तर गळती आहे असे समजावे. पेटत्या काडीने परीक्षा करण्याची जुनी खोड प्राणघातक आहे.

शब्बाथच्या दिवशी हे कसे करावे, अशी शंका काही श्रद्धाळू घरांत निघते. जीव वाचविण्यासाठी शब्बाथ बाजूस ठेवणे हा दोष नसून कर्तव्य आहे, असा आपल्या धर्मशास्त्राचा निःसंदिग्ध निर्णय आहे. फोन उचलण्यासाठी तारे दिसण्याची वाट पाहू नये.

संकट केवळ परक्या मुलखातच येते असेही नाही. जानेवारी २०१४ मध्ये जेरुसलेमच्या गिलो वस्तीत गॅसचा स्फोट होऊन एक दांपत्य व त्यांचे लहान मूल दगावले होते.

मंगाफच्या दुर्घटनेनंतर कुवेतच्या मंत्र्यांनी घरमालकांच्या लोभास दोष दिला. तो योग्यच होता. पण लोभाइतकीच बेफिकिरीही घातक असते, आणि ती आपल्या सर्वांच्या घरी थोडीबहुत असतेच. तेव्हा येत्या शुक्रवारी शब्बाथचे दिवे लावण्यापूर्वी प्रत्येक घरधन्याने आपली नळी पाहावी, आणि खोली भाड्याने दिली असल्यास भाडेकऱ्याचीही पाहावी, एवढीच आमची नम्र विनंती आहे.