रथात कोण बसले आहे?

यंदाच्या अंकासाठी ‘देह, आत्मा आणि त्यापलीकडले’ हा विषय ठरला तेव्हा आमच्याच बैठकीत कुरकुर झाली. सणासुदीला मरणाची चर्चा कशाला? पण आपली दिवाळी मरणाला वळसा घालून कधी गेलेलीच नाही. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी यमासाठी दक्षिणेकडे वात करून दिवा लावायचा, नरकचतुर्दशीला यमतर्पण करायचे, आणि भाऊबीज तर पंचांगात यमद्वितीया म्हणूनच छापलेली असते. फराळाच्या पंगतीत यम असतोच. आपण त्याच्याशी बोलत नाही, इतकेच.

खरी अडचण वेगळी होती. हा विषय निघाला की थोड्या वेळाने कोणीतरी म्हणते, ‘शेवटी सगळे एकच सांगतात.’ देह नश्वर, आत्मा अमर. सॉक्रेटिस तेच म्हणाला, गीता तेच म्हणते, बुद्धही तेच. आम्हाला हे मान्य नाही. सगळे एकच सांगत नाहीत, आणि बुद्धाने तर हे मुळीच सांगितलेले नाही. सगळ्यांना एका कढईत परतले की चव कोणाचीच उरत नाही.

सॉक्रेटिसपासून सुरुवात करू. इ.स.पू. 399, अथेन्सचा तुरुंग, त्याचा शेवटचा दिवस. तो दिवस प्लेटोने ‘फीडो’ या संवादात रंगवला आहे. प्लेटो स्वतः तिथे नव्हता. आजारी असावा, असे तो आपल्याच पात्राकडून सांगवतो. संध्याकाळी विष घ्यायचे आहे आणि मित्रमंडळी वाद घालत बसली आहे की, माणूस मेल्यावर आत्मा उरतो की नाही. सॉक्रेटिसची बाजू ठाम आहे: देह म्हणजे कैद, तत्त्वज्ञ जन्मभर मरणाचाच सराव करतो, मरण ही सुटका. पण संवादाची खरी गंमत थीब्जहून आलेल्या दोन तरुणांमुळे आहे. सिमियास म्हणतो, तारा नीट जुळल्या की वाद्यातून सूर उमटतो. तो अदृश्य असतो, सुंदर असतो, लाकडातारांहून थोर असतो. पण वाद्य फुटल्यावर तो कुठे राहतो? केबीसची शंका त्याहून तिखट. विणकर आयुष्यात कितीतरी वस्त्रे विणतो, वापरून झिजवतो. तरी शेवटचे वस्त्र त्याच्यामागे उरतेच ना? मग आत्म्याने अनेक देह झिजवले म्हणून शेवटच्या देहाबरोबर तो संपत नाही, हे कशावरून? जुनी वस्त्रे टाकून नवी घेण्याचा गीतेतला दृष्टान्त लहानपणापासून ऐकलेल्या वाचकाने इथे जरा थांबावे. दाखला वस्त्राचाच आहे, पण उभा आहे शंकेच्या बाजूने.

सॉक्रेटिस उत्तर देतो, चांगले लांबलचक देतो. आम्हाला ते पुरते पटलेले नाही. विष घेण्याआधी मात्र तो उठतो आणि स्वतः आंघोळ करून येतो, मागाहून बायकांना प्रेत धुण्याचे कष्ट पडू नयेत म्हणून. देहाला कैद म्हणणाऱ्या माणसाची ही कृती आम्हाला त्याच्या युक्तिवादांहून मोलाची वाटते.

ग्रीक म्हणजे एकटा प्लेटोही नव्हे. डोळा हा स्वतंत्र प्राणी असता तर दृष्टी हा त्याचा आत्मा ठरला असता, असे म्हणून त्याच्या शिष्याने, ॲरिस्टॉटलने, आत्म्याला पुन्हा देहाशी बांधले. एपिक्युरसच्या मते आत्माही अणूंचाच. देह गेला की तोही विखुरला.

बुद्धविचाराची आणि या जगाची समोरासमोर गाठ पडते ती ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात. मिलिंद म्हणजे मिनँडर, इ.स.पू. दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा. त्याच्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीक आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठी अक्षरे आहेत. ग्रंथातली गाठभेट जशीच्या तशी घडली असे कोणी मानू नये, पण वाद अस्सल आहे. भिक्खू म्हणतो, मला नागसेन म्हणतात, पण ते नुसते नाव. त्यामागे कोणी व्यक्ती सापडत नाही. राजा उसळतो. मग चीवर कोण वापरतो, शील कोण पाळतो? नागसेन विचारतो, महाराज, पायी आलात की वाहनाने? रथाने. मग रथ दाखवा. आस म्हणजे रथ? चाके? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो आणि अखेर कबूल करतो की, हे सगळे एकत्र जुळले म्हणून ‘रथ’ हे नाव.

प्लेटोच्या ‘फीड्रस’मध्येही रथ आहे, दोन घोड्यांचा आणि सारथी असलेला. कठोपनिषदातही आहे, तिथे शरीर रथ आणि आत्मा रथी. दोन्हीकडे रथात कोणीतरी बसलेले आहे. नागसेन त्या रथीला शोधायलाही जात नाही, रथच सुटा करून समोर मांडतो. मग पुनर्जन्म कोणाचा? त्यावर तो रात्रभर तेवणाऱ्या दिव्याकडे बोट दाखवतो. पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एकच नव्हे, पण अगदी वेगळीही नव्हे. आणि मुक्त झालेला कुठे जातो? हे वच्छगोत्त नावाच्या परिव्राजकाने खुद्द बुद्धालाच विचारले होते. बुद्धाने उलट विचारले, विझलेला अग्नी कोणत्या दिशेला गेला?

इथे दोन वाटा स्पष्ट वेगळ्या होतात. प्लेटोच्या परंपरेला वर जायचे आहे. तिसऱ्या शतकातल्या प्लॉटिनसला आपण देहात आहोत याचीच लाज वाटे, त्याने आपले चित्र काढू दिले नाही, असे त्याचा शिष्य पॉर्फिरी सांगतो. हाच प्लॉटिनस इराणी आणि भारतीय विचार जाणून घेण्यासाठी सम्राट गॉर्डियनच्या मोहिमेबरोबर निघाला होता. मोहीम फसली आणि तो भारतात पोहोचलाच नाही. बुद्धाने देहाचे कौतुक केले असे नाही, पण उरुवेलेला हाडांचा सापळा होईपर्यंत तप करून पाहिल्यावर तो जेवला. बोधी त्यानंतरची.

मिनँडरच्या मरणाची हकिगत प्लुटार्कने दिली आहे. छावणीत मेलेल्या या राजाच्या रक्षेसाठी शहरे भांडली, अखेर तिचे सारखे वाटे झाले आणि शहरोशहरी स्मारके उभी राहिली. बुद्धाच्या अस्थींचेही तसेच झाले होते.

हे सगळे दूरचे वाटत असेल, तर नाशिकच्या पांडवलेण्यात जावे. सतराव्या क्रमांकाचे लेणे दत्तामित्री नगराहून आलेल्या इंद्राग्निदत्त या यवनाने, म्हणजे ग्रीकाने, आईवडिलांसाठी कोरवले. सोबत मुलाचे नाव आहे, धम्मरक्षित. कार्ल्याच्या चैत्यातल्या खांबांवरही धेनुकाकटच्या यवनांची दाने नोंदलेली आहेत.

आणि हा वाद महाराष्ट्रात तरी लेण्यांपुरता उरलेला नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला डॉ. आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. त्यांच्या मृत्यूनंतर 1957 साली निघालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये त्यांनी आत्मा नाकारला आणि पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्तही नाकारला. गरिबाची अवस्था त्याच्याच मागल्या जन्मावर ढकलली की समाजाची जबाबदारी संपते, हे त्यांनी नेमके ओळखले होते. आत्मा आहे की नाही हा प्रश्न इतका व्यावहारिक असू शकतो, हे अथेन्सच्या त्या तुरुंगात कोणाच्या मनात आले नसेल. आजही बौद्ध घरात मृत्यूनंतर पुण्यानुमोदन असते, आणि आपण मात्र तिथेही ‘मृतात्म्यास शांती लाभो’ असा संदेश पाठवून मोकळे होतो.

या अंकातले लेखक एकमेकांशी सहमत नाहीत; आम्ही त्यांना सहमत व्हायलाही लावलेले नाही. वाद सुरू होण्याआधी नागसेनाने मिलिंदाला एक अट घातली होती: पंडितासारखा वाद घालणार असाल तर बोलतो, राजासारखा नाही, कारण पंडित हार मानतात पण रागावत नाहीत, राजे न पटणाऱ्याला दंड करतात. तीच अट वाचकांना. जे पटणार नाही त्यावर सविस्तर लिहा, आमची चूक दाखवा. पत्रे पुढच्या अंकात छापू.