मालगाडीला बोल लावू नका

मंगळवारी संध्याकाळी आमची लोकल दिव्याच्या अलीकडे सिग्नलला खोळंबली आणि डब्यात नेहमीचा सूर लागला. “मालगाडी पुढे काढली असणार!” खिडकीतून डोकावून कुणीच पाहिलं नव्हतं. एका गृहस्थांनी तर मालगाड्या मुंबईतून हद्दपारच करा, असा ठराव मांडला आणि चौथ्या सीटपासून दरवाजापर्यंत सगळ्यांनी तो मंजूर केला. मला राग आला. तो अजून गेलेला नाही, म्हणून आजचं सदर त्यावरच.

जुन्या वाचकांना ठाऊक आहे, रविवारी सकाळी मी घरी सापडत नाही. कॅमेरा घेऊन वरच्या कोपर स्टेशनला असतो. तिथे खालून मध्य रेल्वेच्या लोकल धावतात आणि त्यांच्या डोक्यावरून वसई-दिवा मार्ग जातो. या वरच्या मार्गावर प्रवासी गाड्या मोजक्याच, बाकी राज्य मालगाड्यांचं. गुजरातकडून पनवेल, जेएनपीटी आणि कोकणाकडे जाणारा माल शहरात न शिरता इथूनच वळतो. म्हणजे हद्दपारी बरीचशी झालेलीच आहे. उरलेल्या मालगाड्याही गर्दीच्या वेळी लोकलच्या रुळांवर सहसा सोडत नाहीत. कल्याणच्या यार्डात नाहीतर कुठल्या तरी लूप लाइनवर त्या लोकलना वाट देत उभ्या असतात. खोळंबायचं त्यांनी आणि बोलही त्यांनाच.

हिशेब थोडक्यात सांगतो. ४५ वाघिणींच्या एका कंटेनर गाडीवर वीस फुटी ९० पेट्या बसतात. चाळीस फुटी धरल्या तर ४५ ट्रेलर झाले. ते सगळे संध्याकाळी घोडबंदर रस्त्यावर आणून उभे करा, मग बोलू. २०२२-२३ मध्ये रेल्वेने दीडशे कोटी टनांहून जास्त माल वाहिला आणि तिच्या उत्पन्नातला जवळपास दोन तृतीयांश वाटा त्यातून आला. प्रवासी भाड्यातली तूट याच पैशातून भरून निघते. आपला लोकलचा पास परवडतो, त्यात या वाघिणींचा हात आहे.

पण मी कोपरला जातो तो हिशेब मांडायला नाही. गाडी दिसण्याआधी पुलाला कंप सुटतो, तिथून मजा सुरू होते. कधी पुढे मधेपुऱ्यात बांधलेलं बारा हजार अश्वशक्तीचं जोडइंजिन असतं. मागे बंद वाघिणींची रांग असेल तर बहुधा धान्य, सिमेंट किंवा थळच्या कारखान्यातला युरिया. उघड्या वाघिणीत कोळसा. बुटक्या, सपाट वाघिणींवर पोलादाची भलीमोठी वेटोळी साखळदंडांनी जखडलेली दिसली, की ती डोलवीच्या कारखान्यातली असतील की कळंबोलीच्या बाजाराला चालली असतील, याचा अंदाज बांधत बसायचं. वाघिणीच्या अंगावरचा अकरा आकडी क्रमांक वाचता आला तर आणखी गंमत. पहिले दोन आकडे तिचा प्रकार सांगतात, पुढचे दोन मालक रेल्वे, त्यापुढचे दोन बांधणीचं साल. माझे निम्मे फोटो या आकड्यांचेच आहेत.

सगळ्यात जीव गुंततो तो मोटारी वाहणाऱ्या गाडीत. तिचे बरेचसे डबे म्हणजे प्रवासी सेवेतून निवृत्त झालेले जुने निळे डबे. खिडक्या पत्रे ठोकून कायमच्या बंद केलेल्या, टोकाला मोटार आत घ्यायला रुंद दार. ज्या खिडकीसाठी आपण भावंडांशी भांडलो, तिच्यामागून आज कोऱ्या मोटारी प्रवास करतात. ही गाडी आली की मी कॅमेरा खाली ठेवतो आणि नुसता बघतो.

वर मालगाडी, खाली लोकल आणि दोन्हींवर सकाळचं ऊन, असा एक फोटो मला हवा आहे. अजून मिळालेला नाही. मालगाडीला वेळापत्रक नसतं. ती येते तेव्हा खालचे रूळ नेमके रिकामे असतात, मेगाब्लॉक असला तर विचारायलाच नको. आणि आता घाई करायला हवी. मालगाड्यांसाठीच बांधलेल्या पश्चिम समर्पित मार्गाचा वैतरणा ते जेएनपीटी हा टप्पा याच भागातून जातो. तो पूर्ण वापरात आला की दुमजली कंटेनर गाड्या तिकडून धावतील आणि वरच्या कोपरची वर्दळ ओसरेल. देशासाठी ते चांगलंच आहे. मला चुटपुट लागेल.

शेवटच्या डब्याबद्दल मात्र बोलायलाच हवं. सगळे इंजिनाचा फोटो काढतात, मी गार्डच्या डब्याचाही काढतो. जानेवारी २०२२ पासून गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात. पद मोठं झालं, डबा तोच राहिला. स्टेशनसमोरून जाताना बाहेर येऊन झेंडी दाखवायची, गाडी अखंड आहे ना यावर लक्ष ठेवायचं. गाडी मध्येच तुटली किंवा बंद पडली तर मागून येणाऱ्याला सावध करण्यासाठी रुळांवर फटाके लावत मागे चालत जायचं, रात्र असो की पाऊस. साइडिंगला तासन्‌तास थांबावं लागलं तरी सोबतीला कुणी नाही. यातल्या कित्येक डब्यांत वर्षानुवर्षं धड दिवा नव्हता, पंखा नव्हता, शौचालय नव्हतं. एप्रिल-मेच्या दुपारी तापलेल्या पत्र्याच्या त्या खोलीत माणूस बसलेला मी पाहिला आहे. त्याने हात केला, मीही केला, आणि पुढे दिवसभर मन लागलं नाही.

आता शेवटच्या वाघिणीला एक उपकरण बसवून गार्डचा डबाच काढून टाकायची योजना आहे. गाडी अखंड असल्याची खबर ते उपकरण थेट इंजिनात देईल. येऊ दे. दरम्यान काही डब्यांच्या छतावर सौरपट्ट्या आल्या, काहींत शौचालयही आलं. पण डबा जाणारच आहे म्हणून बाकीच्यांची दुरुस्ती रेंगाळत असेल, तर आज रात्री ड्युटीवर चढणाऱ्याने कशाच्या भरवशावर बसायचं, याचं उत्तर कुणीतरी तारखेसकट द्यायला हवं.