अँटेना घासू नका, जोड घासा!

हॅम रेडिओवाल्या मंडळींमध्ये दोन पंथ आहेत. गच्चीवर पांढरी भुकटी धरलेला जुना अ‍ॅल्युमिनियमचा अँटेना दिसला की पहिला पंथ म्हणतो, "भंगारात दे, नवा घे." दुसरा म्हणतो, "थांब, घासून आरसा करतो त्याचा." माझं स्पष्ट मत : दोघंही चूक. पहिला पैसे वाया घालवतो, दुसरा रविवार. आणि रविवार घालवूनही सिग्नल सुधारला नाही की दुसऱ्या पंथाचे लोक मुकाट्याने पहिल्या पंथात जातात!

आधी थोडं रसायनशास्त्र. बारावीचंच आहे, घाबरू नका. उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर हवा लागताच ऑक्साइडचा थर बसतो, जाडी फक्त काही नॅनोमीटर. लोखंडाचा गंज पोपडे होऊन सुटतो आणि खालचं लोखंड पुन्हा उघडं पाडतो. हा थर मात्र घट्ट चिकटून राहतो आणि खालच्या धातूला सांभाळतो. तुम्ही तो घासून काढलात तर हात धुऊन येईपर्यंत नवा हजर. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत त्यावर पांढरी भुकटी येते, बारीक खड्डे पडतात, हे खरं. पण म्हणून काय बिघडलं?

"अहो, पण सिग्नल?" तेच सांगतोय. १४ मेगाहर्ट्झला प्रवाह नळीच्या पृष्ठभागालगतच्या साधारण २५ मायक्रॉन धातूतूनच मुख्यतः वाहतो. ऑक्साइड विद्युतरोधक आहे, त्यामुळे प्रवाह त्यातून जातच नाही, त्याखालच्या धातूतून जातो. म्हणजे बाहेरून नळी मळकट दिसली तरी तिला काही फरक पडत नाही. फरक पडतो तो बघणाऱ्याला.

खरा घोळ जोडांमध्ये असतो. २० मीटर बँडचा तीन एलिमेंटचा यागी घ्या. एकेक एलिमेंट जवळपास १० मीटर लांब. पाच-पाच नळ्या एकात एक सरकवून तो बनवला असेल तर प्रत्येकी चार जोड, एकूण बारा. इथे प्रवाहाला एका नळीतून दुसरीत उडी मारायची असते, आणि नेमका मध्ये तो विद्युतरोधक थर! मग वारा आला की एसडब्ल्यूआरचा काटा नाचतो. वर असा खराब जोड डायोडसारखाही वागू शकतो आणि भलत्याच फ्रिक्वेन्सीवर कचरा ओकतो. शेजाऱ्यांशी भांडण फुकट.

आपण सॉफ्टवेअरवाल्यांनी तरी हे ओळखायला हवं. दोन्ही मॉड्यूल ठणठणीत असतात आणि बग मधल्या इंटरफेसमध्ये असतो. तरी आपण एकतर यूआय रंगवत बसतो, नाहीतर सगळं नव्याने लिहू म्हणतो. इथेही तोच आजार.

मग करायचं काय? अँटेना खाली उतरवा (विजेच्या तारा जवळ असतील तर जाणकार माणूस सोबत घ्या). सुटे करण्याआधी प्रत्येक जोडावर मार्करने खूण करा, नाहीतर लांबी चुकेल. फक्त एकात एक बसणारा भाग, आतल्या नळीचा बाहेरून आणि बाहेरच्या नळीचा आतून, स्कॉच-ब्राइटने घासा. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. लगेच पातळ हाताने जॉइंटिंग कंपाउंड लावा, इलेक्ट्रिशियन अ‍ॅल्युमिनियम केबलच्या लगला लावतात तेच, आणि बसवून टाका. 'उद्या बसवू' म्हणालात तर थर पुन्हा वाढणार. स्क्रू आणि क्लॅम्प स्टेनलेस स्टीलचे घ्या. तांब्याची तार थेट अ‍ॅल्युमिनियमला टेकवू नका, मध्ये कल्हई केलेला लग घाला. नाहीतर ओलावा मिळाला की त्या जोडीची बॅटरी होते आणि त्यात अ‍ॅल्युमिनियमचा बळी जातो.

काय करू नका? लोखंडी काथ्या नको, त्याचे कण रुतून बसतात आणि गंजतात. संडास साफ करायचं अ‍ॅसिड तर अजिबात नको, त्यातलं क्लोराइड खड्डे वाढवतं. कॉस्टिक सोडा तर अ‍ॅल्युमिनियमच खातो. फारच घट्ट बसलेला थर असेल तर लिंबू चोळा आणि भरपूर पाण्याने धुवा. कुकर काळा पडू नये म्हणून आई पाण्यात लिंबाची फोड टाकते ना, तेच शास्त्र.

नळीला चीर गेली असेल किंवा खड्डा आरपार असेल तर मात्र ती नळी बदला. ती नळी हं, अख्खा अँटेना नाही!

कोणी म्हणेल, एवढा जीव कशाला टाकायचा? २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम स्टेशन घेऊन पोर्ट ब्लेअरमध्येच होते. फोन बंद पडले आणि अंदमानचे निरोप मुख्य भूमीवर या रेडिओवरून पोचले. अशा वेळी कोणी 'नवा अँटेना ऑर्डर करतो' म्हणू शकत नाही. गच्चीवर जो उभा आहे तोच कामाला येतो, आणि त्याची नळी चकचकीत आहे की नाही हे कोणीही विचारत नाही. जोड धड आहेत का, एवढंच.

तेव्हा पावसाळ्याआधी एक सकाळ काढा. बारा जोड आहेत, बाराच घासा. उरलेला रविवार झोपा.

तूर्तास ७३!