सिंदखेड राजात जमिनीखाली सापडलेला विष्णू : मूर्ती गावात राहावी की म्युझियममध्ये जावी?

सिंदखेड राजा म्हटलं की १२ जानेवारी आठवतो. जिजाऊंच्या जयंतीला गावात पाय ठेवायला जागा नसते आणि टाइमलाइनवर राजवाड्याचे फोटो फिरतात. बुलढाणा जिल्ह्यातलं हे गाव जून २०२४ मध्ये मात्र वेगळ्याच कारणाने देशभर चर्चेत आलं.

नेमकं काय सापडलं?

लखुजीराव जाधवांच्या समाधीचं, म्हणजे छत्रीचं, संवर्धनाचं काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, अर्थात एएसआय करत होतं. तेव्हा जवळच काही दगड दिसले. खोदल्यावर मंडपाचा पाया लागला आणि सुमारे सव्वादोन मीटर खोलीवर शेषशायी विष्णूची मूर्ती निघाली. लांबी १.७० मीटर, उंची साधारण एक मीटर. लक्ष्मी पाय चेपते आहे आणि खालच्या पट्टीवर समुद्रमंथन कोरलेलं आहे.

अभ्यासकांना जास्त आश्चर्य वाटलं ते दगडाचं. मराठवाड्यात अशा मूर्ती आधीही मिळाल्या आहेत, पण त्या बेसॉल्टच्या, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाच्या. ही क्लोराइट शिस्टची आहे. हा दगड मऊ असतो, त्यामुळे नक्षी बारीक उतरते. दक्षिणेत होयसळ शिल्पकार असाच दगड वापरायचे.

थोडक्यात, १६२९ मध्ये देवगिरीच्या किल्ल्यावर निजामशाहीने लखुजीरावांची मुलांसह हत्या केली, त्यानंतर बांधलेल्या समाधीच्या शेजारी त्याहून कितीतरी जुनं मंदिर गाडलेलं होतं.

मग वाद कशाचा?

मूर्ती बाहेर हलवू नका, ती गावातच राहू द्या, अशी मागणी स्थानिकांनी केली. ती समजण्यासारखी आहे. वस्तू गेली की तिच्यासोबत येणारा पर्यटकही जातो. पण दुसरी बाजूही खरी आहे. इतकी वर्षं मातीत असलेला मऊ दगड ऊन-पावसात उघडा ठेवणं धोक्याचं. गावात सुरक्षित म्युझियम नसेल तर ‘इथेच ठेवा’ ही मागणी अर्धीच राहते.

अडचण आणखी एक. समाधी केंद्राच्या एएसआयकडे, तर जिजाऊंचा जन्म झाला तो राजवाडा राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे. पर्यटकासाठी गाव एकच, फाइली मात्र दोन ठिकाणी.

बाहेर काय करतात?

इंग्लंडमधलं कॉव्हेंट्री घ्या. १४ नोव्हेंबर १९४० च्या जर्मन बॉम्बहल्ल्यात या मध्ययुगीन शहराचं कॅथेड्रल आणि बरीच जुनी वस्ती उद्ध्वस्त झाली. पुढे नव्या बांधकामांच्या आड येणारी काही जुनी लाकडी सांगाड्याची घरं सुटी करून स्पॉन स्ट्रीट या एकाच रस्त्यावर पुन्हा उभारली गेली. मूळ जागा सुटली, हा आक्षेप तिथेही घेतला जातो. पण घरं शहरातच राहिली आणि त्यांत दुकानं, हॉटेलं चालू राहिली.

सिंदखेड राजाकडे तर दाखवण्यासारखं बरंच आहे : राजवाडा, रंगमहाल, काळा कोट, नीलकंठेश्वर, मोती तलाव. म्युझियम झालं तर विष्णूची मूर्ती त्यातलं मुख्य आकर्षण ठरेल, हे एएसआयच्या अधिकाऱ्यांनीही तेव्हा सूचित केलं होतं. ते म्युझियम केंद्राने बांधायचं की राज्याने, हा खरा प्रश्न आहे.